मायलेकरांचा शरद

ज्या घरात दोन-तीन वर्षांचे मूल आहे, त्या घरातला पावसाळा पंचांगातल्या चार महिन्यांहून लांब असतो. अंगणात चिखल, गच्चीवर शेवाळ, दांडीवर न वाळणारी दुपटी आणि खिडकीचे गज धरून रस्त्याकडे टक लावून उभे राहिलेले पोर, अशा स्थितीत घराचा सारा कारभार सांभाळून त्या पोराला सकाळपासून रात्रीपर्यंत रमवण्याची जबाबदारी एकट्या आईच्या शिरावर येऊन पडते; आणि ती कितीही प्रेमाची असली, तरी तिच्यात विश्रांतीची मुदत कोठेच मुक्रर केलेली नसते. म्हणूनच भाद्रपद सरत येतो, उन्हाला तेज चढते, वाटा कोरड्या होतात आणि संध्याकाळी पोराचे बोट धरून बाहेर पडता येते, तेव्हा त्या घरात जो आनंद होतो तो मुलाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, त्याच्या आईचा असतो.

या आनंदाला वाट करून देण्याची तजवीज महाराष्ट्रात फार पूर्वीपासून झालेली आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कार्तिकाच्या पौर्णिमेपर्यंत भुलाबाई, भोंडला, हादगा, कोजागिरी, वसुबारस, किल्ले, आकाशकंदील आणि त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे एकामागून एक येतात. आपण त्यांना सण म्हणून ओळखतो, कुळाचार म्हणून पाळतो, आणि अलीकडे परंपरा म्हणून त्यांचे कौतुकही करतो; परंतु लहान मुलांच्या आईच्या जागी उभे राहून पाहिले म्हणजे या सगळ्यांना जोडणारे एक सूत्र स्पष्ट दिसू लागते. आमच्या आज्या-पणज्यांनी शरदातले खेळ असे रचले की त्यांत कोणतीही आई एकटी पडत नाही. मुलाला खेळ मिळतो आणि आईला सोबत मिळते, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, हे माझे म्हणणे आहे. गेल्या शरदात पुणे, जळगाव आणि सातारा या तीन ठिकाणी जे पाहिले आणि जे ऐकले, त्याच्या आधाराने ते येथे मांडते आहे.

फेर

पुण्यात कोथरूडच्या एका गृहसंकुलात, मोटारी हलवून रिकाम्या केलेल्या जागेत, नवरात्रातल्या एका संध्याकाळी भोंडला होता. मध्ये पाट, पाटावर खडूने काढलेला हत्ती, हत्तीच्या पाठीवर झेंडूच्या पाकळ्यांची झूल, आणि भोवती हातात हात गुंफून फिरणाऱ्या पंचवीस-तीस स्त्रिया. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींच्या कडेवर किंवा बोटाशी मूल होते. दीड वर्षाच्या एका मुलीला गाण्याचा एकही शब्द येत नव्हता. पण प्रत्येक कडव्याच्या अखेरीस सगळ्या जणी जेथे थांबत तेथे ती नेमकी टाळी वाजवी, आणि तिची टाळी वाजल्यावाचून पुढचे कडवे सुरू करायचे नाही असा शिरस्ता तिसऱ्या गाण्यापर्यंत आपोआपच पडून गेला.

भोंडल्यातला हत्ती हे हस्त नक्षत्राचे प्रतीक मानतात. सूर्य सप्टेंबरच्या 27 तारखेच्या सुमारास हस्तात प्रवेश करतो आणि पुढचे सुमारे चौदा दिवस तेथे असतो. या मुदतीत पडणारा पाऊस रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीला जमिनीत ओल पुरवतो, म्हणून शेतकरी त्याची वाट पाहतो. कोल्हापूर-साताऱ्याकडे याच खेळाला हादगा म्हणतात. तेथे हत्तींचे चित्र भिंतीवर लावून त्याला फळांच्या माळा घालतात, आणि त्याच नावाच्या झाडाला या दिवसांत आलेली पांढरी फुले भाजीसाठी स्वयंपाकघरात येतात. पाऊस, पेरणी, झाड आणि हत्ती यांचा हा संबंध चार वर्षांच्या मुलाला कळणार नाही. परंतु पाटावरच्या हत्तीची सोंड आपण रंगवली हे त्याला कळते, आणि पुढे कधीतरी शाळेत नक्षत्रांची नावे कानावर पडतील तेव्हा त्यांतले एक त्याच्या ओळखीचे निघेल.

भोंडल्याच्या गाण्यांत सासर-माहेरची कथा आहे. माहेरी जायला मिळावे म्हणून घरातल्या प्रत्येक माणसाची परवानगी मागत फिरणारी सून आहे. आज ही गाणी म्हणणाऱ्या स्त्रिया बँकेत, इस्पितळात, संगणकाच्या कंपनीत नोकरी करतात, आणि माहेरी जाण्यासाठी त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. तरीही त्या सुनेची अडचण त्यांना परकी वाटत नाही. माहेर दुसऱ्या शहरात, सासरची माणसे गावी, नवरा रात्री उशिरा घरी येणारा, आणि दिवसभर संवादाला एक बोबडे बोलणारे मूल, या स्थितीत असलेल्या एका तरुण आईने फेर संपल्यावर मला सांगितले, "ताई, घरी दिवसभर आम्ही दोघंच असतो. इथे आलं की माझा तिच्याकडे जातो, तिची माझ्याकडे येते. अर्धा तास माझे दोन्ही हात मोकळे असतात." भोंडल्याचे याहून नेमके समर्थन मला कोणत्याही ग्रंथात आढळलेले नाही.

गाणी संपली म्हणजे खिरापत. पूर्वी पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन अशी चढती खिरापत करण्याची रीत होती. आता बहुतेक ठिकाणी एकाच संध्याकाळी भोंडला होतो आणि प्रत्येकीचा एकेक डबा येतो. डब्यात काय आहे ते ओळखल्याखेरीज डबा उघडायचा नाही, हा नियम मात्र कायम आहे, आणि मुलांच्या दृष्टीने सगळा भोंडला याच नियमात सामावलेला असतो. तीन वर्षांचा एक मुलगा आईचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून फेराच्या मधोमध उभा राहिला. "गोड की तिखट?" या प्रश्नाला त्याने आईकडे पाहून "तिखट" म्हटले. "हलवून दाखव" म्हणताच त्याने डबा कानाशी नेऊन आधी स्वतः ऐकला, मग सर्वांना ऐकवला. आत काहीतरी हलके सळसळले. चुरमुरे झाले, चिवडा झाला, भडंग झाले. प्रत्येक नावाला तो आनंदाने मान हलवून नकार देत होता. अखेर कोणालाच ओळखता येईना, तेव्हा त्याच्याने राहवले नाही आणि "पापडाचा चुरा!" असे ओरडून त्यानेच झाकण उघडले. ऐकणे, वास घेणे, तर्क करणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि एक गुपित काही क्षण तरी मनात धरून ठेवणे, एवढ्या गोष्टी त्या डब्याने त्याच्याकडून करून घेतल्या होत्या.

लहान मुले सोबत असतील तर भोंडल्याच्या बंदोबस्तात काही गोष्टींची काळजी घ्यावी, असे या संकुलातल्या अनुभवी स्त्रिया सांगतात. गाणी पाच-सहाच घ्यावीत; त्यांपुढे मुले कंटाळतात. ध्वनिक्षेपक लावू नये, कारण कर्कश आवाजाने तान्ही मुले घाबरतात आणि मोठ्यांचे गाणेही बंद पडते. काळोख पडण्यापूर्वी सुरुवात करावी. तीन-चार वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा सुका मेवा देऊ नये. ते घशात अडकण्याचे भय असते, म्हणून त्यांच्या वाट्याला लाडू, शिरा, केळ्याची शिकरण असे मऊ पदार्थ ठेवावेत. आणि जिला डबा करून आणायला सवड झाली नाही, तिने रिकाम्या हाती यावे. हा शेवटचा नियम त्यांनी सूचनाफलकावर लिहून लावला होता, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटला.

भुलाबाईचा ओटा

खानदेशात आणि विदर्भात या खेळाचे रूप निराळे आहे. तेथे भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडतात, त्यांच्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभारतात, आणि कोजागिरीपर्यंतचा महिनाभर मुली रोज संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. तिच्या गाण्यांत तिचे डोहाळे आहेत, बाळंतपण आहे, पाळणा आहे. देवीच्या रूपाने एका बाळंतिणीचाच हा महिनाभर चाललेला सोहळा आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

जळगावच्या जुन्या वस्तीत एका वाड्याच्या ओट्यावर भुलाबाई बसली होती. सात-आठ वर्षांच्या मुली टिपऱ्या खेळत होत्या; त्यांच्या धाकट्या भावंडांना टिपरी पेलत नव्हती, म्हणून त्यांना ज्वारीच्या ताटाचे वीतभर तुकडे दिले होते, आणि ते तुकडे एकमेकांवर आपटण्यात ती पूर्ण रमली होती. ओट्याच्या कडेला त्या घरची सून दीड महिन्याचे बाळ मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या वृद्ध आजी म्हणाल्या, "आमच्या वेळीही पोरी गाणं म्हणायच्या अन् बाळंतीण ओट्यावर बसून ऐकायची. तिला कुठं जाता यायचं नाही, म्हणून पोरीच तिच्याकडे यायच्या." पुण्याच्या फेरात आई मुलाला घेऊन बाहेर पडते, येथे सबंध खेळच चालून तिच्या दारी येतो. नुकत्या बाळंत झालेल्या मैत्रिणीला कार्यक्रमाचे आमंत्रण धाडून आपण मोकळ्या होतो; आमंत्रणाऐवजी आपणच चार जणींनी तिच्या घरी जाऊन बसावे, हा धडा जळगावच्या त्या ओट्यावर घेण्यासारखा आहे.

पठार आणि टेकडी

शरदात आया मुलांना घेऊन ज्या सहलींना निघतात, त्यांत साताऱ्याजवळच्या कास पठाराचा मान अलीकडे वाढला आहे. साताऱ्याहून सुमारे 25 किलोमीटरवर असलेले हे पठार 2012 साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आले. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत येथे तेरड्याची गुलाबी, सोनकीची पिवळी आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी शेते पसरलेली असतात. जांभ्या दगडावर मातीचा थर अगदी पातळ असल्यामुळे मोठी झाडे येथे रुजत नाहीत, आणि म्हणूनच या चिमुकल्या वनस्पतींना ऊन आणि जागा मिळते. परंतु त्याच कारणाने एका पावलाखाली त्यांची सबंध वसाहत चिरडून जाऊ शकते. लहान मुलाला हे समजावून सांगणे कठीण आहे, हे मान्य. पण पायवाटेवर उकिडवे बसवून, हात पाठीमागे बांधायला सांगून, एकाच फुलाकडे पाहायला लावले तर चार वर्षांचे मूलही त्या फुलावरचा किडा शोधून काढते, हे मी तेथे पाहिले. गर्दीमुळे प्रवेशासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. शनिवार-रविवार टाळून जावे, आणि तान्ह्या मुलाची ढकलगाडी घरी ठेवून त्याला झोळीत घ्यावे.

तथापि दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी इतक्या लांबच्या प्रवासाची आवश्यकता नाही. गावाबाहेरची टेकडी, नदीचा काठ, शाळेमागचे माळरान, फार काय सार्वजनिक बागेचा न कापलेला कोपरादेखील त्याला पुरतो. पावसाळ्यानंतरच्या या दिवसांत फुलपाखरांची रेलचेल असते. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेले काळे-निळे ब्लू मॉर्मन कढीलिंबाच्या आणि लिंबाच्या कुळातील झाडांभोवती दृष्टीस पडते. गवताची कुसळे मोज्यांना चिकटतात, आणि ती एकेक काढताना बी स्वतःच्या पायांनी चालत नसूनही दूर कसे जाते याचा पाठ आपोआप होतो. एका आईने चार मुलांची टोळी नेऊन टेकडीवर बसवावी, दुसरीने मागून येणाऱ्या धाकट्यांना सांभाळावे, तिसरीने डबा उघडावा, अशी वाटणी केली म्हणजे सकाळच्या दोन तासांत कोणीही दमत नाही.

मुलांच्या शिक्षणाची सामग्री निसर्गात विखुरलेली आहे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सहकार्याने 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, आणि 1945 पासून बोर्डी येथे, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांमध्ये काम केले. परदेशी बालशिक्षणपद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी बिया, पाने, फुले, शिंपले, खडे हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर नेली. त्या कार्याची थोरवी मोठी आहे, आणि तिच्याशी आपल्या रविवारच्या सहलीची बरोबरी करण्याचा हेतू नाही. परंतु दुकानातले खेळणे विकत न घेताही मुलाचे हात आणि डोळे कामाला लावता येतात, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले, आणि त्याचा लाभ प्रत्येक आईने घ्यावा. आश्विनात जमवलेल्या चिंचोक्यांची, शेंगांची आणि पानांची एक थाळी मांडून त्यांचे आकाराप्रमाणे, रंगाप्रमाणे ढीग करायला बसवले, तर तीन-चार मुले एकमेकांशी न भांडता दुपारचा चांगला वेळ काढतात. दसऱ्याच्या आपट्याची पाने मात्र या खेळासाठीही ओरबाडू नयेत. फांद्या तोडून भारे विकण्याच्या रिवाजाने त्या झाडाचे आधीच पुष्कळ नुकसान झाले आहे.

किल्ला

दसरा संपला की घरोघरच्या मोठ्या मुलांचे लक्ष किल्ल्याकडे वळते. या कामात धाकट्यांना हुसकावून लावण्याची मोठ्यांची प्रवृत्ती असते, आणि येथेच आयांनी मध्यस्थी करावी. कारण किल्ल्याइतके सर्व वयांना एकत्र बांधणारे दुसरे काम दिवाळीत नाही.

रचना सोपी आहे. विटा आणि दगड रचून डोंगराचा सांगाडा करावा. त्यावर पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट पसरावे. त्याच्या सुरकुत्यांतून दऱ्या आणि सोंडा आपसूक तयार होतात. वर घट्ट मळलेल्या मातीचा थर थापून तट, बुरूज आणि दरवाजा उभारावा. मग उतारावर हळीव आणि मोहरी पेरावी. हळीव भिजले की त्याला चिकट बुळबुळीत आवरण येते, म्हणून ते उभ्या चढणीवरही धरून राहते, आणि दोन-तीन दिवसांत त्याला कोंब फुटतात. धनत्रयोदशीला डोंगर हिरवा दिसावा असे वाटत असेल तर पाच-सहा दिवस आधी पेरणी उरकावी.

यात दीड वर्षाच्या मुलाचे काम चिखल तुडवण्याचे. त्याला जुने कपडे घालून घमेल्यात उभे करावे आणि आईने दोन्ही हात धरावेत. तीन वर्षांच्या मुलाचे काम पाणी शिंपडण्याचे. पुण्याच्या एका अंगणात अशी एक मुलगी मी पाहिली; तिच्या हाती भोके पाडलेला लहान डबा होता, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालण्याचा अधिकार फक्त तिचा, असे मोठ्या भावंडांनी कबूल केले होते. तिसऱ्या दिवशी पहिला कोंब तिनेच पाहिला. ती तेथेच बसून राहिली, बोटाने त्याला स्पर्श करण्याचा मोह आवरत राहिली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून तिने तो दाखवला. पाच-सहा वर्षांच्या मुलांना राजगड करायला सांगावा: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मध्ये बालेकिल्ला, एवढा नकाशा त्यांच्या ध्यानात राहतो, आणि रायगडापूर्वी स्वराज्याची राजधानी येथे होती हे सांगितले म्हणजे त्या मातीला निराळेच वजन येते.

किल्ल्याच्या शेजारी आयांचेही काम चालू शकते. कुंभाराकडून आणलेल्या कोऱ्या पणत्या रात्रभर पाण्यात भिजवून वाळवाव्यात, म्हणजे त्या तेल पीत नाहीत. वाळल्यावर त्या गेरूने रंगवायला मुलांपुढे ठेवाव्यात. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि मैद्याची खळ यांनी आकाशकंदील करताना कामट्या बांधण्याचे काम मोठ्यांनी, आणि खळ लावून कागद दाबण्याचे लहानांनी करावे. चार घरच्या आया एका अंगणात बसल्या तर चार कंदील होतात. प्रत्येक जण आपापल्या घरात बसली तर पुष्कळदा एकही होत नाही, आणि तो बाजारातून आणावा लागतो.

चांदणे आणि कृत्तिका

कोजागिरीला मध्यरात्रीपर्यंत जागण्याचा दंडक आहे, आणि म्हणून लहान मुलांच्या आया तो सण आपला नव्हे असे समजून घरी राहतात. परंतु पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूस असल्यामुळे सूर्यास्ताच्या सुमारासच पूर्वेला उगवतो. तेव्हा मुलांची कोजागिरी सात वाजता गच्चीवर करायला कोणतीच अडचण नाही. केशर, वेलदोडा आणि जायफळ घातलेले दूध त्यांना कोमट द्यावे, आणि त्यात बदाम-पिस्ते घालायचे तर त्यांची बारीक पूड करावी. याच पौर्णिमेला घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची चाल आहे. ज्या मुलाने आपल्याला प्रथम आई केले त्याचे औक्षण करण्याचा हा दिवस धाकट्याच्या जन्मानंतर थोडे मागे पडलेल्या पहिल्या मुलासाठी फार मोलाचा आहे. मैत्रिणींनी आपापल्या पहिल्या मुलांना एका ओळीत बसवून एकत्र ओवाळावे. त्या मुलांच्या चेहऱ्यांवरचा अभिमान पाहण्याजोगा असतो.

पुढे कार्तिकात संध्याकाळ सरताच पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर येतो. 1944 साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने आकाशदर्शनाची आवड महाराष्ट्रात रुजवली. परंतु कृत्तिका पाहायला दुर्बीण लागत नाही. बोट दाखवून मुलांना मोजायला सांगावे. साध्या डोळ्यांना सहा तारका दिसतात. आणि मग त्यांना कार्तिकेयाची कथा सांगावी: शरवणात सापडलेल्या त्या बाळाला सहा कृत्तिकांनी आपले म्हटले, आणि प्रत्येकीचे दूध घेता यावे म्हणून त्याला सहा मुखे झाली. ज्या संस्कृतीने देवांच्या सेनापतीला वाढवण्यासाठी सहा माता आवश्यक मानल्या, तिने आमच्या घरातले मूल मात्र एकट्या आईने वाढवावे अशी अपेक्षा कधी ठेवली नव्हती. ती अपेक्षा नव्या नगरांतील बंद दारांनी निर्माण केली, आणि तिचा भार आजच्या आया मुकाट्याने वाहत आहेत.

एक शिफारस

लंडनच्या महाराष्ट्र मंडळापासून अमेरिकेतल्या मंडळांपर्यंत, जेथे मराठी स्त्रिया आहेत तेथे भोंडल्याचा फेर धरला जातो. परदेशात थंडीमुळे तो सभागृहात होतो आणि सुटीच्या वारावर ढकलला जातो, पण होतो. तेव्हा गावात, पेठेत, गृहसंकुलात राहणाऱ्या आम्हाला तो जमणार नाही असे म्हणण्यास सबळ कारण नाही. माझी शिफारस अशी की घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतच्या दीड महिन्यात, चार-सहा शेजारणींनी मिळून, आठवड्यातली एक संध्याकाळ मुलांसाठी आणि स्वतःसाठी मुक्रर करावी: एकदा भोंडला, एकदा टेकडी, एकदा कोजागिरी, एकदा किल्ला, एकदा पणत्या, एकदा तारे. वर्गणी ठेवू नये, स्पर्धा ठेवू नये, बक्षिसे ठेवू नयेत. वडिलांनी, आजोबांनी, मामा-काकांनी यावे आणि मुलांना सांभाळावे. विशेषतः त्या संध्याकाळची भांडी त्यांनी घासावीत. ज्या आईने अजून कोणाशी ओळख करून घेतलेली नाही, जी लिफ्टमध्ये नुसती हसून पुढे जाते, तिच्या दारावर पहिल्या दिवशी कोणीतरी जाऊन थाप मारावी. मुले या संध्याकाळी विसरून जातील, कारण तीन वर्षांच्या वयाचे फारसे काही कोणाच्याच स्मरणात राहत नाही. पण त्यांच्या आया विसरणार नाहीत, आणि पुढच्या पावसाळ्यात मूल तापाने फणफणले असता मध्यरात्री कोणाला हाक मारायची, हे त्यांना ठाऊक असेल.